पोफळीच्या अंगावरची पांढरी रेघ

पोफळीचं खोड पांढुरकं असतं, असं वाडीत जन्म गेलेली माणसंही सांगतात. श्रीवर्धनला, दिवेआगरला किंवा खाली गुहागरला कुठल्याही वाडीत शिरा, समोर पहिल्यांदा उभी राहते ती त्या सरळसोट, राखाडी-पांढऱ्या खोडांची दाटी. पण मान वर करून शेंड्याकडे पाहिलं तर निराळंच काही दिसतं. झावळ्यांच्या लगेच खालची पेरं हिरवीगार आणि तकतकीत असतात. खाली येता येता तो हिरवा रंग विटत जातो. मग त्यावर एखादा फिकट ठिपका दिसतो, त्याच्या खाली आणखी दोन-चार, पुढे ठिपके एकमेकांना भिडतात, आणि कमरेच्या उंचीवर येईतो मूळ खोड जवळजवळ दिसेनासं होतं. आपण ज्याला पोफळीचा रंग म्हणतो त्यातला मोठा हिस्सा पोफळीचा नाहीच. तो तिच्यावर वस्तीला आलेल्या शैवाकांचा आहे.

शैवाक म्हटलं की आपल्याकडे मसाल्यातलं दगडफूल आठवतं. गोड्या मसाल्यात, काळ्या मसाल्यात भाजून घातलेलं, एका बाजूनं काळं आणि दुसऱ्या बाजूनं राखाडी. तेही शैवाकच, पण ते पानासारखं पसरतं आणि हातानं सोडवून घेता येतं. पोफळीवरची शैवाकं बहुतेक वेगळ्या घडणीची असतात. ती खोडाच्या पृष्ठभागात रुतलेली असतात, पापुद्र्यासारखी. सालीचा तुकडा काढल्याशिवाय ती निघत नाहीत, भिंगाशिवाय ओळखू येत नाहीत. भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, पण लोकांच्या ओळखीची शैवाकं शोधायला गेलं तर दगडफुलापलीकडे क्वचितच काही सापडतं. उष्ण, दमट, सखल प्रदेशात झाडांच्या सालींवर खरं राज्य मात्र या पापुद्र्यांचंच असतं.

त्यांतल्या एकाबद्दल मला सांगायचं आहे. हाताच्या अंगठ्याच्या पेराएवढी, कधी त्याहून थोडी मोठी, जैतुनी-राखाडी छटेची गुळगुळीत जागा. तिच्यावर पांढऱ्या, उठावदार, आखूड रेघा. एकेक रेघ एक-दोन, फार तर तीन मिलिमीटर लांब. काही सरळ, काही वाकलेल्या, काहींना मध्येच एखादा फाटा. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून नाक खोडाला टेकेल इतकं जवळ गेलं, तर ओल्या अंगणात तांदळाच्या पिठीची रांगोळी रेखावी तशी ती नक्षी दिसते. पांढरा थर जाडसर आणि भुरभुरीत असतो. एखाद्या जुन्या रेघेवरची पिठी मध्यभागी झिजलेली असेल तर खालची चीर दिसते, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना काळपट ओठ.

हे सगळं पाहायला सकाळची वेळ चांगली. रात्रीचं दव पिऊन शैवाक ओलं असतं आणि ओल्यापणी त्याचा पापुद्रा थोडा पारदर्शक होतो, खालचा हिरवट रंग वर येतो. दुपारी तेच शैवाक कोरडं, फिकट, निपचित असतं. त्याला मुळं नाहीत, पाणी साठवायची सोय नाही. हवेत ओल असेल तेव्हा जगायचं, नसेल तेव्हा जगणं थांबवायचं, आणि पुन्हा ओल आली की काही मिनिटांत कामाला लागायचं. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने ते असं अर्धवेळ जगतं. म्हणूनच त्याची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबात मोजावी लागते.

त्या पांढऱ्या रेघा म्हणजे बुरशीची फळं. शैवाक हा एकटा जीव नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो संसार आहे. आज शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येणारी ही गोष्ट १८६०च्या दशकाच्या अखेरीस सायमन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं मांडली, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी तिच्यावर झोड उठवली. ज्या जीवांचा आपण जन्मभर अभ्यास केला ते एक नसून दोन आहेत, हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. पोफळीवरच्या या पापुद्र्याच्या अगदी कडेचा एखादा कण नखानं हलकेच खरवडला, तर आत पिवळट-नारिंगी झाक दिसते. तो त्या दुसऱ्या भागीदाराचा रंग. ट्रेन्टेपोहलिया हे त्या शैवालाचं नाव. वंशानं ते हिरवं शैवाल, पण पेशींमध्ये गाजरातलं असतं तसलं कॅरोटीन इतकं भरलेलं की हिरवा रंग त्याखाली झाकला जातो.

हे नारिंगी शैवाल कोकणातल्या माणसानं पाहिलेलं असतंच. पावसाळा सरता सरता जांभ्याच्या गडग्यावर, माडाच्या खोडावर, देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर जी मखमली, विटकरी लव दिसते ती बहुधा त्याचीच. बुरशी नसली तरी ते स्वतंत्र जगू शकतं. केरळमध्ये २००१ साली जुलै ते सप्टेंबर या काळात लाल पाऊस पडला आणि देशभर त्याची चर्चा झाली. सरकारनं नेमलेल्या अभ्यासकांनी त्या पाण्यातले लाल कण तपासले, तेव्हा ते ट्रेन्टेपोहलियाचे बीजाणू असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. आभाळातून खाली आलेला तो रंग त्याच भागातल्या झाडांच्या सालींवरून वर गेलेला होता. पुढे कोणी त्याचा संबंध परग्रहाशीही जोडला. मला मात्र सालीवरच्या शैवालानं पाऊस रंगवावा, हेच अधिक अद्भुत वाटतं.

आता नाव. रेघांची फळं धरणाऱ्या या कुळाला ग्रॅफिडेसी म्हणतात. पश्चिम घाटात आणि त्याच्या पायथ्याशी हे कुळ इतकं संपन्न आहे की एका फणसाच्या बुंध्यावर त्याच्या चार जाती शेजारी शेजारी सापडाव्यात. नुसत्या ग्रॅफिस या एका वंशात जगभर तीनशेहून अधिक जाती मानल्या जातात. वरवर पाहता त्यांतल्या बहुतेक सारख्याच दिसतात, फिकट पापुद्रा आणि काळ्या रेघा. जुन्या अभ्यासकांनी या पसाऱ्याची सोय लावण्यासाठी बीजाणूंचा आधार घेतला. बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्याच्यात फक्त आडव्या भिंती की उभ्या-आडव्या दोन्ही, यावरून चार खण केले आणि शंभरेक वर्षं सगळ्या जाती त्या चार खणांत बसवल्या. बेटिना श्टायगर या जर्मन संशोधिकेनं २००२ साली ही मांडणी मोडली. फळाच्या ओठांची घडण, त्यांचं काळेपण, आतल्या पेशींची रचना, रसायनं असं सगळं एकत्र धरून तिनं वंश नव्यानं लावले. सोयीची मांडणी आणि खरी नाती यांतलं अंतर तिनं दाखवून दिलं.

आपलं पांढऱ्या रेघांचं शैवाक या फेरमांडणीत एक विलक्षण प्रवास करून आलेलं आहे. एरिक आखारियस या स्वीडिश डॉक्टरनं त्याला पहिलं नाव दिलं. आखारियस हा लिनियसच्या शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी एक. लिनियसनं १७५३ साली जगातली सगळी शैवाकं एकाच वंशात कोंबली होती. ती सोडवून वेगळी करण्याचं काम या शिष्यानं वाडस्टेना गावात रुग्ण तपासता तपासता केलं. त्यानं १८१४ मध्ये या जातीला ग्रॅफिसमध्ये ठेवलं आणि तिला आडाम आफ्झेलियसचं नाव दिलं. हा आफ्झेलियसही लिनियसच्याच परंपरेतला, १७९०च्या दशकात सिएरा लिओनला जाऊन वनस्पती गोळा करणारा. पुढे १८५४ मध्ये आब्रामो मासालोंगो या इटालियन अभ्यासकाला वाटलं की पांढऱ्या पिठीचं हे शैवाक इतर ग्रॅफिसहून वेगळं आहे. त्यानं त्याच्यासाठी डिप्लोलाबिया हा स्वतंत्र वंश केला. मासालोंगो सहा वर्षांनी, पस्तिशी उलटली असताना वारला. त्याचा वंश कोणी फारसा मानला नाही, आणि ही जात पुन्हा ग्रॅफिसच्या गर्दीत गेली. डी. डी. अवस्थी यांनी १९९१ साली भारत, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या सूक्ष्म शैवाकांची ओळखसूची प्रसिद्ध केली, तोवर ते जुनेच खण चालू होते. शेवटी २००० साली क्लाउस काल्ब आणि श्टायगर यांनी विसरलेला तो वंश परत उभा केला. मासालोंगोचं म्हणणं जवळजवळ दीडशे वर्षांनी मान्य झालं. डिप्लोलाबिया आफ्झेलिआय हे त्या पांढऱ्या रेघेचं आजचं नाव.

वाडीतल्या खोडावर तीच जात आहे, हे ठरवायला तीन गोष्टी लागतात. पहिली डोळ्यांना दिसते ती, म्हणजे पिठीनं झाकलेल्या उठावदार रेघा. दुसरी सूक्ष्मदर्शकाखाली. ब्लेडनं रेघेचा आडवा, पारदर्शक काप घ्यायचा, पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि त्यावर काचपट्टी टाकायची. पांढऱ्या थराखाली काळपट भिंती दिसतात, मध्ये पिशव्या, पिशव्यांत बीजाणू. रंगहीन, लहानसे, तीन आडव्या भिंतींनी चार कप्पे पाडलेले. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रसायन. कपडे शुभ्र करायला वापरतात त्या ब्लीचचा एक बारीक थेंब काडीच्या टोकानं पांढऱ्या रेघेवर ठेवायचा. क्षणात ती रेघ लाल होते. काही सेकंद तो लाल रंग टिकतो आणि विरतो. पांढऱ्या पिठीत लेकॅनोरिक आम्ल असतं, त्याची ही खूण.

शैवाकांवर असे थेंब टाकून ओळख पटवायची रीत विल्यम न्यूलांडर या फिनलंडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकानं १८६६ साली रूढ केली. कॉस्टिक पोटॅशचा थेंब आणि ब्लीचिंग पावडरचा थेंब, या दोन थेंबांवर आजही शैवाकशास्त्राची पहिली पायरी उभी आहे. न्यूलांडर हट्टी माणूस होता. श्वेंडनरचं म्हणणं त्यानं अखेरपर्यंत मानलं नाही. पण त्याच १८६६ साली त्यानं आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, आणि मला ती थेंबांपेक्षाही मोठी वाटते. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग उद्यानात त्याला जी शैवाकं मिळाली ती शहरात इतरत्र कुठेच नव्हती. त्यानं ताडलं की या बागेतली हवा अजून जगण्यालायक आहे, आणि शैवाकं हे हवेच्या आरोग्याचं माप आहे. एकाच वर्षी एकाच माणसानं जात ओळखायची युक्ती दिली आणि जागा ओळखायचीही. पहिलीचा आपण भरपूर उपयोग केला. दुसरी अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

जागेबद्दलच मला जास्त बोलायचं आहे. नाव कळलं की ओळख झाली असं मानायची एक घाई असते, आणि शैवाकांच्या बाबतीत ती घाई फार नुकसान करते. जगभरच्या जुन्या नोंदींत शेकडो ठिकाणी मुक्कामाच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं असतं: सालीवर. कुठल्या झाडाच्या, किती वयाच्या, कोणत्या बाजूला, किती उंचीवर, सावलीत की उन्हात, काही नाही. अशी नोंद एखाद्या माणसाचा पत्ता म्हणून ‘भारत’ लिहिण्यासारखीच. खरं तर झाडाची साल हा प्रत्येक शैवाकाचा निराळा मुलूख आहे. पेरूची साल पापुद्र्यानं सुटते, निलगिरीची सोलवटते, अर्जुनाची मोठमोठ्या ढलप्यांनी गळते. मिलिमीटरनं वाढणाऱ्या जीवाला तिथे बस्तान बसवायला अवधीच मिळत नाही. जुन्या आंब्याची साल खडबडीत आणि टिकाऊ, तिच्या भेगांत पाणी रेंगाळतं. म्हणून रस्त्याकडेच्या आंब्यांवर पिक्साइन कोकोस नावाचं राखाडी, गोलसर पसरणारं, शहराची धूळ आणि धूर सोसणारं शैवाक हमखास दिसतं. अतिनील दिव्याखाली ते पिवळं चमकतं. आपल्या गावांत आणि शहरांत कोणीही, कुठल्याही जुन्या आंब्यावर, ते शोधू शकेल.

आणि पोफळ? पोफळीला आंब्यासारखी खरी सालच नसते. ताडामाडांच्या कुळातली ही झाडं बुंध्यानं जाड होत नाहीत. आंब्याची साल आतून ढकलली जाऊन फाटते, पोफळीची फाटत नाही. एकदा उघडा पडलेला तिचा पृष्ठभाग वर्षानुवर्षं तसाच राहतो, गुळगुळीत, ठाम, न सुटणारा. पातळ पापुद्र्याच्या शैवाकाला याहून चांगली जमीन कुठली? त्यातही एक सोय अशी की या जमिनीवर तिचं वय लिहिलेलं असतं. झावळ वाळली की विरीसकट, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या देठासकट, खाली येते आणि खोडावर एक वर्तुळ मागे ठेवते. मोठी पोफळ वर्षाला साधारण सहा-सात झावळ्या टाकते. म्हणजे ज्या पेरावर शैवाक बसलंय तिथून शेंड्यापर्यंत वर्तुळं मोजायची आणि सहा-सातनं भागायचं. ते पेर उघडं पडून किती वर्षं झाली ते कळतं, आणि शैवाकाचं वय त्याहून जास्त असूच शकत नाही. आंब्यासारख्या सालीच्या झाडावर असा हिशोब इतक्या सहज मांडता येत नाही. वाडीत मी जेव्हा जेव्हा अशी वर्तुळं मोजली, तेव्हा अगदी वरच्या हिरव्या पेरांवर मला पांढऱ्या रेघा दिसल्या नाहीत. त्यांच्या आधी तिथे इतर पापुद्रे येतात. ही जात मागाहून, बुंध्याकडच्या मुरलेल्या पेरांवर.

का, याचं थोडंसं उत्तर तिच्या जन्माच्या रीतीत आहे. पांढऱ्या रेघेच्या चिरेतून बाहेर उडतात ते फक्त बुरशीचे बीजाणू. शैवाल त्यांच्याबरोबर जात नाही. प्रत्येक बीजाणूला नव्या खोडावर पडून आपला नारिंगी जोडीदार नव्यानं शोधावा लागतो. तो सापडला तर संसार, नाही तर सारं तिथेच संपलं. म्हणून जिथे ट्रेन्टेपोहलिया मोकळेपणी वाढतं, तिथेच या शैवाकाला भवितव्य आहे. आणि ट्रेन्टेपोहलियाला काय लागतं? ऊब, सावली आणि दमटपणा, तिन्ही एकाच वेळी. कोकणातली जुनी वाडी नेमकी या तिन्हींनी बनलेली आहे. वर माडांचं छत, त्याखाली पोफळींचं, खाली केळी, जायफळ, कोकम, पोफळीवर चढलेली मिरवेल. पाटानं फिरणारं पाणी, समुद्रावरून येणारा खारा वारा, त्याला अडवणारं कुंपण. पावसाळा संपला तरी वाडीतली हवा कोरडी पडत नाही, कारण शिंपणं थांबत नाही. माणसानं सुपारीसाठी केलेली ही रचना शैवाकांसाठी मात्र सदाहरित जंगलाच्या एका तुकड्यासारखी ठरली. घाटमाथ्याच्या दाट रानांतली कितीतरी शैवाकं अशी समुद्रकाठी, देवळामागच्या वाडीत नांदताना दिसतात ती त्यामुळे.

खोडावरची बाजूही महत्त्वाची. पोफळीला नैर्ऋत्येकडून येणारं दुपारचं ऊन सोसत नाही. त्या बाजूला खोड भाजतं, पिवळं पडतं, पुढे तडकतं. बागायतदार म्हणूनच वाडीच्या त्या अंगाला दाट झाडं राखतात, नाही तर उघड्या खोडांना झावळ्या बांधतात किंवा चुना लावतात. पांढऱ्या रेघांचं शैवाकही मला याच्या विरुद्ध बाजूला अधिक मिळालं, सावलीकडे, पाट जिथून वळतो तिथल्या खोडांवर. झाडाला जे ऊन भाजतं तेच त्याच्यावरच्या पाहुण्यालाही भाजतं.

एका वाडीच्या मालकांनी मला भिंग लावून बसलेलं पाहून विचारलं होतं, “ताई, हा रोग आहे काय? खरवडून काढू?”

“नाही काका, हे झाडाचं काही खात नाही. वरच बसतं आणि स्वतःचं अन्न स्वतः करतं.”

“मग झाड म्हातारं झालं म्हणून येतं काय?”

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. ते खोडाला डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “बापानं लावलेल्या झाडांवरच आहे हे. माझ्या हातच्या झाडांवर नाही आलं अजून.” शास्त्राच्या पुस्तकात ज्याला अधिवासाची निरंतरता म्हणतात, ते त्यांनी या दोन वाक्यांत सांगितलं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या परिसरात काही तासांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या वाड्यांतून येते त्या वाड्यांत आभाळ दिसू लागलं. नुकसान मोजलं गेलं ते झाडांच्या संख्येत आणि रुपयांत, आणि ते तसंच मोजायला हवं होतं, कारण माणसांची उपजीविका गेली होती. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच ते सात-आठ वर्षं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती कुठल्या पंचनाम्यात येऊ शकत नाही. छत गेलं, ऊन खाली उतरलं, आणि उभ्या राहिलेल्या खोडांवरची सावलीची शैवाकं भाजून निघाली. पडलेल्या खोडांचे पन्हळ झाले, मांडवाचे वासे झाले, बरीचशी कुजली. त्या पडलेल्या खोडांवरून मी नमुने घेतले. उभ्या झाडाला सुरी लावायची माझी कधीच तयारी नसते, आणि पडलेल्या खोडावर शैवाक काही काळ जिवंत राहतं. मोकळ्या झालेल्या वाड्यांत आता राखाडी, उन्हाला सरावलेली शैवाकं वाढताना दिसतात. पांढरी रेघ पाहायची तर जिथे माडांचं छत टिकलं अशा, गावाच्या आतल्या अंगाच्या वाड्यांत जावं लागतं.

शैवाकं तापमानाचीही खबर देतात. नेदरलँड्समध्ये गेल्या शतकाच्या अखेरीपासून ट्रेन्टेपोहलियाला घेऊन जगणारी शैवाकं वाढत असल्याचं तिथल्या अभ्यासकांना दिसलं, आणि त्यांनी त्याचा संबंध वाढत्या उष्णतेशी जोडला. ते हे म्हणू शकले, कारण तिथे त्याच त्या झाडांवरची शैवाकं दर काही वर्षांनी मोजली जात होती. आपल्याकडे मोजणारी माणसं झालीच नाहीत असं नाही. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन, सी. आर. कुलकर्णी, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातली शैवाकं वर्षानुवर्षं गोळा केली, त्यांची वर्णनं लिहिली, नव्या जाती जगापुढे ठेवल्या. तिथल्या आजरेकर बुरशी संग्रहालयात त्या नमुन्यांची पाकिटं जपलेली आहेत. ग्रॅफिडेसी कुळावर तर या पुणेकर अभ्यासकांनी मोठं काम केलं आहे. महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या परंपरेची माहिती असायला हवी तितकी नाही, याची मला खंत वाटते. त्या पाकिटांवर लिहिलेल्या गावी परत जाऊन, त्याच झाडांच्या जातींवर आज काय उरलंय ते पाहायला कोणीतरी निघालं पाहिजे. जुनी फांदी नसेल, झाड नसेल, पण ती देवराई, तो घाट, ती वाडी असेल.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दहापट भिंग लागतं, वही लागते आणि वाकायची तयारी लागते. शैवाकाचं छायाचित्र काढलंत तर शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. झाडाचं नाव लिहा, गावात जे म्हणतात तेच लिहा, चालेल. जमिनीपासूनची उंची, कोणती दिशा, ऊन की सावली, जवळ पाणी आहे का, खोड गुळगुळीत की भेगाळलेलं, हे सगळं लिहा. पोफळीवर असेल तर वरची वर्तुळं मोजून ठेवा. नावाचा शोध मागाहून कोणीतरी लावील. पण ही माहिती तुम्ही त्या क्षणी लिहिली नाहीत तर ती नंतर कोणालाही मिळणार नाही.

आणि एक विनंती, ग्रामपंचायतींना, नगरपालिकांना आणि हौसेनं झाडं सजवणाऱ्या सगळ्यांना. रस्त्याकडेच्या वडांना, आंब्यांना, चिंचांना छातीपर्यंत चुना आणि गेरूचे पट्टे मारायची आपली जुनी पद्धत आहे. वळणावर रात्री झाड दिसावं म्हणून एखाद्या बुंध्याला पट्टा हवा असेल तर मारा. उन्हात उघड्या पडलेल्या पोफळीला चुना लावणं भाग आहे, तेही समजण्यासारखं आहे. पण शाळेच्या आवारातली, देवळाच्या प्रांगणातली, तळ्याकाठची आणि गावातल्या पाणंदीवरची झाडं रंगवू नका. त्यांच्या बुंध्यावर चुन्याचा एक हात फिरला की वीस-तीस वर्षांची वस्ती एका दुपारी मरते, आणि तिला परत यायला तेवढीच वर्षं लागतात.